गालाच्या आतला नकाशा : डॉ. व. रा. खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर हे नाव आपल्या हॉस्टेलमध्ये किती जणांनी ऐकलं असेल? मी दोन मजले फिरून विचारलं. एकाने कवी का म्हणून विचारलं (ते चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू!), एकाने जुना क्रिकेटपटू असेल असा अंदाज केला, आणि बाकीच्यांनी दार लावून घेतलं, कारण दिवस सबमिशनचे होते. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. आपल्याला शास्त्रज्ञ म्हटलं की रामन, भाभा, कलाम एवढीच यादी पाठ असते.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती सेमिनारमुळे. विषय मिळाला होता, डोकं आणि मान या भागातल्या कॅन्सरमध्ये एमआरआय स्कॅनचा बायोमार्कर म्हणून उपयोग. विषय इन्स्ट्रुमेंटेशनचा, पेपर सगळे अलीकडचे आणि परदेशी. पण तोंडाच्या कॅन्सरवरचा कुठलाही पेपर उघडा, संदर्भ मागे मागे नेत गेलं की एक नाव येतंच येतं : खानोलकर, मुंबई, १९४४. दहा-बारा वेळा तेच नाव दिसल्यावर मी एमआरआय बाजूला ठेवला आणि या माणसाच्या मागे लागलो. सेमिनार झाला तो झाला, पण हा माणूस डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. वैद्यकीचं शिक्षण लंडनला झालं आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एम.डी. त्यांनी मिळवली. त्या काळी लंडनची एम.डी. घेऊन आलेल्या माणसाने गिरगावात किंवा फोर्टात पाटी लावली असती तर पुढच्या दोन पिढ्यांची सोय झाली असती. यांनी निवडली पॅथॉलॉजी. म्हणजे रोग्याची नाडी बघायची नाही, फी घ्यायची नाही. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर सेल्समध्ये न जाता टेस्टिंग डिपार्टमेंटला जाऊन बसणं. मुंबईत आधी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात (केईएम हॉस्पिटलचं कॉलेज) त्यांनी हा विषय शिकवला. भारतातल्या आधुनिक पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात ते या पायामुळे.

पण ज्या कामासाठी जग त्यांना ओळखतं ते सुरू झालं पंचेचाळिशी उलटल्यावर. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्या ट्रस्टने परळला कॅन्सरसाठी वेगळं हॉस्पिटल उभं केलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांच्या हस्ते टाटा मेमोरियलचं उद्‌घाटन झालं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख म्हणून खानोलकर आले.

तेव्हा एक समज चांगलाच रुजलेला होता. कॅन्सर हा सुधारलेल्या, श्रीमंत देशांचा रोग, आपल्याकडे तो फार नाही! आणि इथे तर रोज सकाळी परळच्या दारात माणसं उभी. गिरणीकामगार, कोकणातले, घाटावरचे, गुजरातेतले, उत्तरेतले. त्यातल्या कितीतरी जणांच्या तोंडात, जिभेवर, घशात गाठ. खानोलकरांनी काय केलं, तर मोजायला सुरुवात केली.

१९४४ साली अमेरिकेतल्या कॅन्सर रिसर्च या नियतकालिकात त्यांचा लेख आला. मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरचे सलग एक हजार रुग्ण! इथे सलग या शब्दावर थांबा. निवडून घेतलेले हजार नव्हेत. एकामागून एक जसे आले तसे, कुणालाही न वगळता. आपल्यापैकी ज्यांनी प्रोजेक्टची रीडिंग घेताना नको असलेली रीडिंग गाळून ग्राफ सरळ केलाय (नावं घेत नाही, एक्स्टर्नलही मासिक वाचतात) त्यांना या सलगपणाची किंमत पटकन कळेल. कॉम्प्युटर नाही, एक्सेल नाही, हाताने भरलेले केसपेपर. रुग्ण कुठला, कोणत्या समाजाचा, काय खातो, काय चघळतो, काय ओढतो, आणि गाठ तोंडात नेमकी कुठे.

हे शेवटचं नेमकी कुठे फार महत्त्वाचं ठरलं. तोंडाचा कॅन्सर असं आपण एका दमात म्हणतो, पण तोंडात गाल आहे, हिरडी आहे, जिभेचं टोक आहे, जिभेचं मूळ आहे, टाळू आहे, ओठ आहे. प्रत्येक जागा वेगळी नोंदवली तर नकाशा दिसायला लागतो. तंबाखूला चुना मळून गालात बार धरणारा असेल तर गाठ बहुधा गालाच्या आतल्या बाजूला किंवा हिरडीपाशी, म्हणजे बार जिथे मुक्काम करतो तिथेच. विडी ओढणारा असेल तर जिभेचं मूळ आणि घशाची बाजू, जिथे धूर आदळतो. दख्खनी माणूस तंबाखू खाणारा जास्त, गुजराती विडी ओढणारा जास्त, आणि गाठींच्या जागाही त्याप्रमाणे बदललेल्या. वंश किंवा रक्त हे कारण असतं तर हे असं सवयीबरहुकूम जुळलं नसतं.

पुढच्याच वर्षी, १९४५ साली, बी. सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी आणखी एक लेख लिहिला. त्यात भारतातल्या चालीरीतींशी जोडलेले कॅन्सरचे तीन नवे प्रकार होते. पहिला खैनीचा : बिहारकडे खालच्या ओठाच्या खोबणीत तंबाखू-चुना धरून ठेवतात, आणि कॅन्सर होतो तो तिथेच, ओठाला. दुसरा चुट्ट्याचा : आंध्रच्या किनाऱ्याकडे चुट्टा नावाची जाड चिरूट पेटलेलं टोक तोंडात धरून उलटी ओढतात, यात बायकाही आल्या, आणि कॅन्सर होतो टाळूला. टाळूचा कॅन्सर एरवी जगात दुर्मीळ. तिसरा तर ऐकून विश्वास बसत नाही. धोतराचा! वर्षानुवर्षं कंबरेच्या एकाच रेषेवर घट्ट आवळलेल्या धोतराने कातडी घासून घासून तिथे होणारा कॅन्सर. काश्मिरातल्या कांगडीचा, म्हणजे पोटाशी धरलेल्या निखाऱ्यांच्या शेगडीने होणारा कॅन्सर आधीच माहीत होता. लंडनच्या पर्सिव्हल पॉटने १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या पोरांमधला कॅन्सर काजळीशी जोडला होता. खानोलकरांनी त्या ओळीत आपल्या घराघरातल्या तीन वस्तू आणून बसवल्या.

मला यात सगळ्यात काय आवडतं सांगू? त्यांनी कुणाला दोष दिलेला दिसत नाही. अडाणी लोक, घाणेरड्या सवयी हा सूर त्या काळच्या साहेबी लिखाणात पुष्कळ सापडतो. खानोलकरांनी सवय ही एक मोजण्याची गोष्ट मानली. किती, केव्हापासून, कोणत्या गालात.

आता हे लोणावळ्याच्या पोराने एवढं मनावर का घ्यावं? मी मूळचा इथलाच, पवन मावळातला. आमच्याकडे भाताची लावणी चालू असताना बांधावर चंची फिरते. घरातल्या म्हाताऱ्या बायका तंबाखू भाजून त्याची मिश्री करतात आणि सकाळी दाताला लावून अर्धा तास बसतात. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने घरोघरी जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली होती! डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी, सोबत डेन्मार्कचे पिंडबोर्ग. तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. खानोलकरांनी हॉस्पिटलात आलेले रुग्ण मोजले. या मंडळींनी उलट, अजून हॉस्पिटलात न आलेल्या माणसांकडे जाऊन कॅन्सरच्या आधीचे पांढरे चट्टे शोधले.

माझ्या एका चुलत्यांना डाव्या गालात आतून गाठ झाली. बार नेहमी डावीकडे. सीटी स्कॅनच्या वेळी त्यांना फुग्यात हवा भरल्यासारखे गाल फुगवायला सांगितलं होतं, त्याची आमच्या घरात नंतर बरीच थट्टा झाली. कारण मला सेमिनारच्या वेळी समजलं. एरवी गाल हिरडीला चिकटलेला असतो, त्यामुळे गाठ गालाची की हिरडीची हे चित्रात कळत नाही. मध्ये हवा आली की दोन्ही पृष्ठभाग सुटे दिसतात. पुन्हा तोच प्रश्न, नेमकी कुठे. चुलते बरे आहेत. जेवण पातळ लागतं.

बरं, एमआरआयकडे येऊ, नाहीतर सर म्हणतील विषय सुटला. १९४६ साली, म्हणजे खानोलकरांच्या त्या दोन लेखांनंतर लगेच, अमेरिकेत फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी वेगवेगळं काम करून दाखवून दिलं की चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थातली हायड्रोजनची केंद्रकं ठरावीक फ्रिक्वेन्सीला प्रतिसाद देतात. एका टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ, म्हणून दीड टेस्लाच्या मशीनला साधारण ६४. १९७१ मध्ये डमेडियनने उंदरांच्या गाठींमध्ये हा प्रतिसाद विरायला निरोगी पेशींपेक्षा जास्त वेळ लागतो असं मोजून दाखवलं, आणि १९७३ मध्ये लॉटरबरने त्यातून चित्र काढलं. म्हणजे गंमत बघा, कॅन्सर ओळखायचा आकडा आधी आला आणि चित्र नंतर! माणसाच्या शरीराचं पहिलं एमआरआय चित्र निघालं १९७७ मध्ये. खानोलकर त्यानंतर सव्वा वर्षाने गेले. त्यांच्या हातात आयुष्यभर मायक्रोस्कोप आणि केसपेपर एवढंच राहिलं.

बायोमार्कर म्हणजे शरीरातली अशी मोजता येणारी खूण, जिच्यावरून रोग आहे का, किती आहे, औषधाला दाद देतोय का हे सांगता येतं. रक्तातली साखर ही रोजची ओळखीची. एमआरआयमध्ये अशी एक खूण पाण्याच्या हालचालीची आहे. गाठीत पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात, आपल्या मेसच्या रांगेसारख्या, त्यामुळे मधल्या पाण्याच्या रेणूंना इकडेतिकडे सरकायला वाव नसतो. डिफ्यूजन नावाच्या पद्धतीने हे मोजून एडीसी हा आकडा काढतात. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याचा आकडा ३ धरला तर घट्ट गाठीत तो १ च्या आसपास येतो (एकक : चौरस मिलिमीटरचा हजारावा भाग, दर सेकंदाला). रेडिएशन किंवा केमो लागू पडली की पेशी मरतात, जागा मोकळी होते, आकडा चढतो. आणि हे गाठ आकाराने लहान व्हायच्या आधी दिसू शकतं! सहा-सात आठवड्यांच्या रेडिएशनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यालाच जर कळलं की हा उपचार या माणसाला लागू होत नाही, तर पुढचे आठवडे, गिळता न येण्याचे हाल आणि पैसे, तिन्ही वाचतील. म्हणून जगभर याच्यामागे लागलेत.

मग सगळीकडे हे रोज का वापरत नाहीत? इथे आपला धंदा सुरू होतो. तोंडात आणि घशात हवा आणि मांस शेजारी शेजारी, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र वाकडं होतं आणि चित्र ताणलं जातं. दातांत भरलेला धातू आणखी बिघडवतो. पेशंट आवंढा गिळतो. एका कंपनीच्या मशीनवर आलेला आकडा दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर तसाच येईल याची खात्री नाही, आणि एकाच मशीनवर आज आणि उद्याही थोडा फरक पडतो. मग आकडा चढला तो औषधाने की मशीनने? रिपीटॅबिलिटी आणि कॅलिब्रेशन हे शब्द आपण व्हायवापुरते पाठ करतो. इथे त्यांच्यावर कुणाची तरी जीभ काढायची की ठेवायची हे ठरणार असतं.

एक आकडा मात्र रोजच्या वापरात पक्का बसलाय. गाठ किती रुंद यापेक्षा ती किती खोल गेली. २०१८ पासून वापरात आलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तोंडाच्या कॅन्सरची पायरी ठरवताना ही खोली मोजतात, ५ मिलिमीटर आणि १० मिलिमीटर या रेषा. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठसुद्धा ५ मिलिमीटरच्या खाली उतरली असेल तर वरच्या पायरीवर जाते. शेवटचा शब्द मायक्रोस्कोपचाच, पण ऑपरेशनच्या आधी खोलीचा अंदाज द्यायला एमआरआय लागतो. आणि २०१५ साली टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या मोठ्या चाचणीत दिसलं, की सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी नंतर दिसतील तेव्हा काढू असं न म्हणता पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या तर तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ६७.५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जातं. सत्तर वर्षांपूर्वी त्याच परळमध्ये गाठीची जागा लिहून ठेवायची जी सवय लागली, तिचा हा वारसा आहे असं मला वाटतं. डॉक्टर लोक कदाचित मान्य करणार नाहीत.

खानोलकरांकडे परत. १९५२ साली भारत सरकारने मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर काढलं आणि ते त्याचे पहिले संचालक झाले. माणसं निवडण्यात त्यांची नजर पक्की होती. पुण्याच्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे, यांनी त्यांच्या हाताखाली काम करून १९४९ साली पीएच.डी. मिळवली, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन पेशी काचेच्या बाटलीत वाढवायचं तंत्र शिकून आल्या आणि मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. आकडेशास्त्र जाणणारे डॉ. एल. डी. संघवी त्यांच्याकडे होते. संघवी, राव आणि खानोलकर यांचा तंबाखू खाणं, विडी ओढणं आणि तोंड-घशाचा कॅन्सर यावरचा लेख १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सिगरेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारा डॉल आणि हिल यांचा गाजलेला लेख त्याच नियतकालिकात पाच वर्षं आधी आला होता. त्या दोघांची नावं पाठ्यपुस्तकात असतात. आपल्या तिघांची कितीशी?

कुष्ठरोगावरही त्यांनी बरंच काम केलं, विशेषतः रोगाचे जंतू मज्जातंतूंमध्ये कसे शिरतात यावर. पन्नाशीच्या दशकात त्यांच्या केंद्रात कुष्ठरोग्याच्या शरीरातून वाढवलेल्या जंतूला त्या केंद्राचंच नाव मिळालं. अणुकिरणोत्सर्गाचे परिणाम तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीत ते भारताचे प्रतिनिधी होते. १९६० ते ६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, पुढे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक, पद्मभूषण. ही यादी मी भराभर सांगतोय, कारण पदांची यादी वाचून माणूस कळत नाही, आणि मला ते भावतात ते हजार केसपेपर लिहिणारे म्हणूनच.

त्यांनी दाखवलेलं खरं ठरायला जगाला किती वेळ लागला बघा. तंबाखू घातलेलं पान कॅन्सर करतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९८५ मध्ये अधिकृतपणे नोंदवलं. नुसती सुपारीही, तंबाखू नसली तरी, कॅन्सर करते हे २००४ मध्ये. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ मध्ये. बंदी आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि पुडी कुठे मिळते हेही! शिवाय मावा आहेच. आपल्या विंगमध्ये दोघांना वडापाव आडवा धरून खावा लागतो, हा आता विनोदाचा विषय झालाय. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर ताठ होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं, मुंबईच्या डॉ. जोशींनी १९५३ मध्येच या रोगाचं वर्णन केलं होतं. हाताची मधली तीन बोटं उभी एकावर एक तोंडात जातात का हे आरशासमोर बघायला पैसे पडत नाहीत. नाही गेली तर दातांच्या डॉक्टरकडे जा, आणि त्याच दिवशी पुडी टाका. हे मी उपदेश म्हणून लिहीत नाहीये, माझ्या रूममेटची दोनच जातात.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकर गेले. त्यांनी सुरू केलेलं केंद्र १९६६ मध्येच टाटा मेमोरियलमध्ये विलीन होऊन कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झालं होतं, आणि २००२ मध्ये ते परळहून नव्या मुंबईत खारघरला डोंगराकडच्या बाजूला गेलं. ॲक्ट्रेक म्हणून ते आता ओळखलं जातं. एक्स्प्रेस-वेने घाट उतरून गेलं की लोणावळ्याहून फार लांब नाही. यंदाच्या इंडस्ट्रियल व्हिजिटसाठी मी त्याचं नाव अर्जात लिहून दिलंय. सरांनी अर्ज ठेवून घेतलाय. बाकी वर्गाचं मत मात्र अजून गोव्यालाच आहे.